बंबातला चुना

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या घरी बंब घासण्याचा समारंभ होई. सोलापूर जिल्ह्यातले आमचे गाव. घर काळ्या दगडाचे, वर माळवद, आणि न्हाणीघराच्या दाराशी तो तांब्याचा बंब. वर्षभर तो धुराने काळवंडलेला असला, तरी नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्या अंगात पणतीची ज्योत दिसली पाहिजे, असा आजीचा दंडक होता. चिंच, मीठ आणि राख घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच्यावर तुटून पडत असू. हा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बाळ म्हणत. आज तो ५८ वर्षांचा आहे, डोक्यावर केस औषधाला उरलेले नाहीत, आणि तरी त्याला सगळे बाळच म्हणतात.

बाहेरचे काम आमचे, आतले वडिलांचे. ते झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घालीत आणि जुन्या उलथन्याने खरवडू लागत. आमच्याकडचे पाणी जड. जमिनीत चुनखडी, विहिरीत चुनखडी. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. वर्षभर तापून तापून पाण्यातला चुना बंबाच्या मधल्या नळीवर थरावर थर चढून बसलेला असे. खरवडला की त्याच्या पांढऱ्या-पिवळट खपल्या निघत, कधी कधी तर परातभर. "एवढा दगड पोटात घेऊन हा बिचारा पाणी तापवतो," वडील म्हणत, "म्हणून तर सरपण दुप्पट लागतं."

२०२३च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बाळच्या हृदयाचे चित्र दाखवले, तेव्हा मला आठवली ती ती परात. करड्या चित्रात फासळ्या पांढऱ्या, मणका पांढरा. ते ठीक होते. पण हृदयाच्या अंगावरही पांढरे ठिपके होते, पांढऱ्या रेघा होत्या, आणि एके ठिकाणी तर खडूने ओढल्यासारखी वळणदार जाड रेघ होती.

"ह्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसलंय. हाडाइतकंच पांढरं दिसतंय, पाहिलंत?"

पाहिले. न पाहून काय करते!

आम्ही तिथे का गेलो होतो ते सांगायला हवे. बाळला चाळिशीत मधुमेह झाला, पाठोपाठ रक्तदाब आला, आणि दोघांनी मिळून दहाबारा वर्षांत त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, तो डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. मला मूल नाही, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. शाळेतल्या नोकरीचे निवृत्तिवेतन खाऊन मी धडधाकट आहे. मी म्हटले, माझे एक मूत्रपिंड घे. १९९४च्या कायद्याप्रमाणे बहिणीला ते देता येते. बाळने वर्षभर नाही नाही म्हटले. शेवटी मी त्याला सांगितले, "आजवर दर भाऊबीजेला तू मला ओवाळणी घातलीस. एकदा मला घालू दे." मग तो काही बोलला नाही. माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, मूत्रपिंडे उत्तम निघाली. ६३ वर्षांच्या बाईला डॉक्टरांकडून एवढी स्तुती सहसा ऐकायला मिळत नाही. उरल्या होत्या बाळच्या तपासण्या.

हृदयातला हा चुना मोजायची रीत आर्थर अॅगॅटस्टन ह्या अमेरिकन हृदयतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सांगितली. रीत शाळेतल्या उदाहरणासारखी सोपी आहे. पडद्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या डागाचे क्षेत्रफळ काढायचे, तो किती दाट आहे ते पाहून त्याला एक ते चार ह्यांपैकी एका आकड्याने गुणायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. शिरेत औषध टोचावे लागत नाही. श्वास रोखून क्षणभर निजले की काम झाले. बेरीज शून्य आली तर पेढे वाटावेत. चारशेच्या वर गेली तर चुना फार झाला असे समजतात. बाळची बेरीज आली १४६०.

"अक्का," बाळ म्हणाला, "तू मला गणित शिकवायचीस तेव्हा कधी एवढे मार्क पडले होते का गं?"

मी डॉक्टरीणबाईंना आमच्या बंबाची गोष्ट सांगितली. असल्या गोष्टी ऐकायला डॉक्टरांना वेळ नसतो, पण ह्या बाई वेगळ्या. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली. "सगळ्यांना असंच वाटतं. पण बंबातला चुना बाहेरून येऊन बसतो. इथं भिंतच चुना करते."

हे मला समजायला दोन भेटी लागल्या. समजले ते असे. धमनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. हृदयाच्या ठोक्यासरशी भिंत सैल व्हावी, पुन्हा आवळावी, हे त्यांचे काम. अन्नातून आलेले जादा फॉस्फेट बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते थांबले की फॉस्फेट रक्तात साठते. वर्षानुवर्षे ते तसे राहिले की भिंतीतल्या काही पेशी आपला धर्म सोडतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. त्या खरोखरच हाड रचायला घेतात. जन्मभर स्वयंपाक करणाऱ्या बाईने एके दिवशी गवंड्याची थापी उचलावी आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या चिणायला लागावे, तसे. हृदयाच्या धमन्यांत हे बहुतेक आतल्या अस्तराशी, चरबीच्या गाठींच्या आश्रयाने चालते. पायांकडच्या धमन्यांत मधल्या स्नायूंच्या थरात. मूत्रपिंडाच्या रोग्यात दोन्हीकडे कामे जोरात असतात. भिंत ताठ होते, हृदयाला प्रत्येक ठोका जोर लावून मारावा लागतो, त्याचा स्नायू जाड होतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याला मूत्रपिंडापेक्षा हृदयाचेच भय अधिक.

आणि ह्यातली विचित्र गोष्ट अशी, की धमन्यांत हाड तयार होत असताना खऱ्या हाडांतून चुना निघून जात असतो. मूत्रपिंड बिघडले की ड जीवनसत्त्व कामाला येईल असे तयार होत नाही, रक्तातले कॅल्शियम उतरू लागते, आणि मानेतल्या चार चिमुकल्या ग्रंथी घाबरून हाडांकडे हात पसरतात. हाडे देतात. त्यांचा दानधर्म वर्षानुवर्षे चालतो. बाळची कंबर दुखायची ती ह्यामुळे. इकडे कंबर ठिसूळ, तिकडे काळजाच्या वाहिन्या दगडी!

ही काही आजची नवलाई नाही. जर्मनीतल्या विर्शो ह्या थोर वैद्याने १८५५ सालीच मूत्रपिंडाच्या रोग्यांत चुना हाड सोडून भलत्या ठिकाणी जाऊन बसतो हे लिहून ठेवले आहे. धमन्यांतला चुना तर त्याहून कितीतरी जुना. आल्प्स पर्वतातल्या बर्फात १९९१ साली सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे प्रेत सापडले, त्याच्याही धमन्यांत तो निघाला. आणि २०१३ साली जगाच्या चार प्रदेशांतल्या १३७ ममींची यंत्राखाली तपासणी झाली, तेव्हा ४७ जणांच्या धमन्या अशाच रोगट असल्याच्या खुणा दिसल्या. मी हे वाचून दाखवल्यावर बाळ म्हणाला, "म्हणजे मी वस्तुसंग्रहालयात ठेवण्यासारखा आहे म्हण की." बर्फातला तो माणूस मेला मात्र बाण लागून.

आता जे सांगायचे ते मला जड जाते. आजार नवा होता तेव्हा बाळला जेवणाबरोबर चावायला कॅल्शियमच्या गोळ्या दिलेल्या होत्या. अन्नातले फॉस्फेट आतड्यातच त्या गोळीला चिकटावे आणि शौचावाटे निघून जावे, हा त्यांचा हेतू. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्या दिल्या ह्यात काही गैर नव्हते. अशा गोळ्या जगभर देत होते, अजूनही काही प्रमाणात देतात. पण मला हेतू कुठे ठाऊक होता? मी डबीवर कॅल्शियम हा शब्द वाचला आणि माझ्या मनात आजी जागी झाली. हाडे पोसायची तर कॅल्शियम, कॅल्शियम म्हणजे दूध! मी गावाहून खरवस आणला. बाळसाठी रोज रात्री केशर घालून आटीव दूध केले. त्याच्या बायकोने एकदा हळूच म्हटले, "वन्सं, इतकं दूध चालतं का हो त्यांना?" तर मी तिला म्हटले, "दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय?" गोळ्या संपत आल्या की आणून ठेवायचे कामही मीच हौसेने घेतले होते. कंबर फार दुखली त्या दिवशी मी त्याला एक जास्तीची गोळी देत असे. ती गोळी म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने आमच्या शेतातली चुनखडीच. स्वच्छ धुतलेली, आणि बडीशेपेच्या वासाची.

लॉस एंजेलिसच्या विल्यम गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली डायलिसिसवरच्या ३९ मुलांचे आणि तरुणांचे हृदय तपासून पाहिले होते. वीस वर्षांखालच्या २३ जणांपैकी एकाच्याही धमनीत चुना नव्हता. विशी ते तिशीतल्या १६ जणांपैकी १४ जणांच्या होता. विशीतली मुले ती! आणि ज्यांच्या हृदयात चुना होता, त्यांच्या पोटात ह्या गोळ्यांतून रोज सरासरी सुमारे साडेसहा ग्रॅम कॅल्शियम जात होते. ज्यांच्या हृदयात नव्हता, त्यांच्या पोटात ह्याच्या जवळजवळ निम्मे. हे मी ज्या रात्री वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारले, "हे मी केलं का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मधुमेह, रक्तदाब, वय, डायलिसिसची वर्षं, साठलेलं फॉस्फेट, ह्या सगळ्यांनी केलं. दुधानं आणि गोळ्यांनी थोडी भर घातली असेल. किती, ते कुणी सांगू शकणार नाही." पूर्ण खरे बोलणारी माणसे फार सांत्वन करीत नाहीत. पण त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

चुना बसला तो खरवडून काढता येईल का, हे मी अर्थातच विचारले. येत नाही. असा चुना खात्रीने विरघळवणारे औषध आजही नाही. पुढचा वेग कमी करता येतो, तो फॉस्फेट ताब्यात ठेवून. बाळला आता कॅल्शियम नसलेल्या गोळ्या आहेत. बाकी भार स्वयंपाकघरावर.

तो हिशेब मी एकदा वहीत मांडला. माणूस साधे जेवण जेवला तरी रोज हजारभर मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. त्यातला निम्म्याहून जास्त अंगी लागतो. म्हणजे आठवड्याला चारएक हजार. डायलिसिसच्या एका बैठकीत काढून काढून आठशे-हजार निघतो. तीन बैठकींचे तीन हजार. दर आठवड्याला हजारभराची तूट! कुठलाही संसार असा चालला तर वाणी उंबरठ्यावर येऊन बसेल. ती तूट गोळ्यांनी आणि तोंडाला कुलूप लावून भरून काढायची. एक मात्र नवे कळले. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस आपल्या आतड्याला नीटसा उचलता येत नाही, तो बराचसा तसाच निघून जातो. डब्यातल्या, पाकिटातल्या पदार्थांत टिकण्यासाठी जे फॉस्फेटचे क्षार घालतात, ते मात्र जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात जातात. तेव्हा आमच्याकडे आमटी राहिली, आणि नातवंडांच्या आवडीचे चीज, बाटलीतली काळी पेये आणि पाकिटे घराबाहेर गेली. नातवंडांचा माझ्यावर अजून राग आहे.

मूत्रपिंडाचा नुसता गाळणी म्हणून विचार करणे हेही चूकच, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. ते क्लोथो नावाचे एक प्रथिन पुष्कळ बनवते. जपानमध्ये १९९७ साली ते सापडले. ज्या उंदरांत ते नसते ते ऐन तारुण्यात म्हातारे होतात, हाडे विरळ होतात, धमन्यांत चुना भरतो, आणि लवकर मरतात. क्लोथो हे नाव ग्रीकांच्या एका देवीचे. ती माणसाच्या आयुष्याचा धागा कातते म्हणे. आमच्याकडे हे काम सटवाईकडे असते. बाळच्या पाचवीला आजीने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, हे मला चांगले आठवते. तिने त्यावर काय लिहिले ते वाचायला मी त्या रात्री जागी राहण्याचा प्रयत्न केला होता.

तर, हृदयाचे काय? हृदयाच्या डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या केल्या. धमन्या चुन्याने ताठ आहेत, पण रक्ताला वाट आहे, मोठा अडथळा नाही. जोखीम आहे, पण शस्त्रक्रिया करता येईल, असे ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही तिघे बाहेर जेवलो. बाळने अर्धी इडली जास्त खाल्ली.

खरी आडकाठी भलतीकडेच निघाली. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवतात असे मला वाटत होते. तसे नसते. ते पोटाच्या खालच्या अंगाला बसवतात आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला त्याची धमनी शिवतात. शिवायची तर ती धमनी चिमट्यात दाबता आली पाहिजे आणि तिच्यातून सुई गेली पाहिजे. सर्जनांनी चित्र पडद्यावर लावले. डावीकडे पांढरी नळी, उजवीकडे पांढरी नळी. त्यांनी पेन्सिलीचे टोक दोन्हींवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवले, एखाद्या मऊ जागेच्या शोधात. मी त्या टोकाकडे पाहत होते. दोनदा ते थांबले, दोनदा पुढे गेले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, तुमची किडनी सोन्यासारखी आहे," ते म्हणाले. "पण मी ती जोडू कुठं? चिमटा लावला तर ही भिंत अंड्याच्या टरफलासारखी फुटेल."

दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले. तिथेही तेच. घरी येताना रिक्षात कुणी बोलले नाही. भावजयीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. आमच्या चाळीस वर्षांच्या नात्यात तिने तो पहिल्यांदाच धरला असावा. घरी आल्यावर बाळ चपला काढता काढता म्हणाला, "अक्का, तुझी ओवाळणी परत आली बघ. नोट फाटकी नव्हती, पाकीटच फाटकं निघालं." मी त्याच्यावर ओरडले. कशासाठी ते आठवत नाही.

माझे मूत्रपिंड माझ्यापाशीच आहे. रात्री कधी जाग आली की डाव्या कुशीवर हात ठेवून मी पडून राहते.

बाळ डायलिसिसला जातो. एका बैठकीला सुमारे १२० लिटर पाणी लागते, आणि त्या पाण्यातला चुना आधी यंत्राने काढून टाकलेला असतो. नाहीतर तो रक्तात उतरायचा. बाळने त्या पाण्याच्या खोलीतल्या माणसाशी दोस्ती केली आहे. "आपले वडील इथं नोकरीला हवे होते," तो म्हणतो.

गावचे घर विकले तेव्हा बंब त्याने हट्टाने पुण्याला आणला. तळमजल्याच्या मागच्या अंगणात तो वर्षातून चार दिवस पेटतो. गेल्या वर्षी भाऊबीज नेमकी डायलिसिसच्या वारी आली, आणि त्याची पाळी सकाळी साडेसहाची. म्हणून मी पहाटे साडेतीनला उठून बंब पेटवला. फराळ आधीच मोजून केला होता: तांदळाच्या पिठाच्या चकल्या, पातळ पोह्यांचा बिनशेंगदाण्याचा चिवडा, आणि बेसनाचा एक लाडू. एकच, त्याच्या शेजारी वाटीत गोळी. पूर्वी त्या जागी विडा असे.

पाटावर बसवून मी त्याला तेल लावले. डाव्या हाताला उटणे जपून लावायचे. तिथे सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून दिलेली आहे. त्यावर बोटे ठेवली की आत काहीतरी गुरगुरते, पिल्लाला कुरवाळावे तसे. उजव्या मनगटाशी मात्र नाडी बोटाखाली कडक लागली, सुतळीसारखी, आणि तिच्यातून ठोका येत होता. मी तो मोजू लागले. साठपर्यंत गेले, पुन्हा एकपासून सुरू केले.

"अक्का," बाळ थंडीने कुडकुडत म्हणाला, "नाडी नंतर बघ गं. आधी पाणी घाल."

मी बंबाची तोटी सोडली. पाणी चांगले कढत आले होते.